नाण्याची साक्ष : जुन्या नाण्यांची पारख, जपणूक आणि मोल
(व्याख्यानाची संहिता)



किनवट परिसरातील जुन्या व्यापारी घराण्यांत, कपाटाच्या आतल्या खणात किंवा देवघरातील डब्यात, एक कापडी थैली बहुधा असतेच. तीत काही हाली रुपये, काही कलदार, तांब्याचे दोन-चार पैसे आणि एखादी शिवराई असते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ही थैली उघडते. चिंचेचा कोळ, राख किंवा भांडी घासण्याची पूड लावून नाणी लख्ख केली जातात आणि चौरंगावर मांडली जातात. या प्रथेमागील भाव निर्मळ आहे. परंतु ज्या चमकेसाठी एवढा खटाटोप केला जातो, तीच चमक नाण्याचे मोल हिरावून घेते, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते.

जुन्या नाण्यांच्या बाबतीत कुटुंबांचे नुकसान दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग अज्ञानाचा. वाटणीच्या वेळी नाणी केवळ मोजून वाटली जातात, गरज पडली की वजनावर मोडीत दिली जातात, आणि त्यांत एखादे दुर्मीळ नाणे असले तरी तेही मुशीत वितळून जाते. दुसरा मार्ग लोभाचा. 'जुने नाणे म्हणजे लाखो रुपये' अशी आवई ऐकून घरातील तरुण मंडळी अनोळखी माणसाच्या हाती पैसे आणि नाणी दोन्ही सोपवून बसतात. या दोन्ही अनर्थांचे मूळ एकच आहे : नाणे नीट पाहिले गेले नाही.

हाली आणि कलदार

या भागात दोन प्रकारचे रुपये एकत्र का सापडतात, याचे उत्तर इतिहासात आहे. १९४८ पर्यंत किनवट हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होईपर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. संस्थानाला स्वतःची नाणी पाडण्याचा अधिकार होता. त्या नाण्यांना 'हाली सिक्का', म्हणजे चालू नाणे, असे म्हणत. पैनगंगेपलीकडील वऱ्हाडात मात्र ब्रिटिशांचा रुपया चालत असे. तो यंत्रावर पाडलेला, म्हणून 'कलदार'. नदीच्या दोन्ही तीरांवर व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यात साहजिकच दोन्ही नाणी येत. हिशेबात साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार असा दर धरला जाई.

हा फरक धातूतही आहे. १९३९ पर्यंतच्या कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात शेकडा ९१.७ चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. चारमिनारची आकृती असलेल्या हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी शेकडा ८१.८, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम. १९४० ते १९४५ या युद्धकाळातील ब्रिटिश रुपयांत चांदी निम्म्यावर आली. त्यात जेमतेम ५.८ ग्रॅम चांदी आहे. १९४७चा वाघाचे चित्र असलेला रुपया तर निकेलचा आहे. हे आकडे ज्याने मनात धरले, त्याला निदान चांदीच्या भावाची तळरेषा कळली. या तळरेषेखाली चांदीचे खरे नाणे विकण्याचे काही कारण नाही. तिच्या वर किती जायचे, हे मात्र पुढील चार प्रश्न ठरवतात : नाणे खरे आहे काय? ते मूळ स्थितीत आहे काय? ते दुर्मीळ आहे काय? आणि त्याची अधिकृत प्रतवारी करून घेणे परवडते काय? हा क्रम बदलला की फसगत ठरलेली.

पहिला प्रश्न : खरे की बनावट?

पूर्वीचे सराफ नाणे दगडावर टाकून त्याचा आवाज ऐकत. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. शिशाचे किंवा ओतीव नाणे बद्द वाजते. पण दुर्मीळ नाणे दगडावर आपटणे म्हणजे परीक्षेच्या नावाखाली त्याची कड मोडणे होय. आज त्याहून सुरक्षित साधने सहज उपलब्ध आहेत.

पहिले साधन तराजू. सोनाराकडील, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर नाणे तोलावे. चलनात झिजलेल्या रुपयाचे वजन थोडे कमी भरणे स्वाभाविक आहे; परंतु अक्षरे ठसठशीत आणि वजन मात्र अर्ध्या-पाऊण ग्रॅमने कमी, असे आढळले तर संशय घ्यावा. मानक वजनापेक्षा स्पष्टपणे जास्त भरणारे नाणेही तितकेच संशयास्पद असते.

दुसरे साधन पाणी. वस्तूचे पाण्यातील वजन जितके घटते, त्यावरून तिची घनता कळते. नाणे प्रथम कोरडे तोलावे. मग पातळ दोऱ्याने बांधून, भांड्याच्या तळाला वा कडेला न लागेल असे पाण्यात लोंबते ठेवून, पुन्हा तोलावे. कोरड्या वजनाला या घटीने भागावे. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या कलदाराची घट सुमारे १.१३ ग्रॅम येते आणि भागाकार सुमारे १०.३ निघतो. हाली रुपयाची घट सुमारे १.१० ग्रॅम आणि भागाकार सुमारे १०.२. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर हा आकडा साडेआठ-पावणेनऊच्या आसपास उतरतो. वरून चांदीचा मुलामा कितीही दाट असला तरी पाणी फसत नाही.

चुंबकाची परीक्षा लोकप्रिय आहे, पण ती अर्धवट आहे. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरे. पण तांबे आणि पितळही चिकटत नाहीत. उलट १९४७चा खरा निकेलचा रुपया चिकटतो! एकाच कसोटीवर निकाल देऊ नये, हा धडा त्यातून घ्यावा.

तिसरे साधन दहापट मोठे दाखवणारे भिंग. खऱ्या नाण्यावर ठशाचा दाब पडलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार दिसतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक खड्डे, हवेच्या बुडबुड्यांच्या खुणा आणि साबण विरघळावा तशी गोलसर अक्षरे दिसतात. नाण्याची कड फिरवून पाहिली तर दोन साचे जुळल्याची रेघ, अथवा ती लपवण्यासाठी केलेले कानशीचे काम दिसू शकते. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर नेमक्या त्याच जागी तोच ओरखडा आढळला, तर दोन्ही एकाच साच्याची अपत्ये समजावीत.

काही नकला खऱ्या नाण्यावरच केलेल्या असतात. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया अत्यंत दुर्मीळ आहे. १९३८चा त्यामानाने सहज मिळतो. म्हणून १९३८च्या नाण्यातील शेवटचा आठ कोरून त्याचा नऊ केला जातो. अशा नाण्याचे वजन, धातू, घनता सगळे बिनचूक असते. लबाडी असते ती एका अंकात. तेथे तराजू मुका होतो आणि भिंगच बोलते : अंकाभोवतीची जमीन खरवडलेली आहे काय, तो अंक शेजारच्या अंकांच्याच उंचीचा आहे काय, हे पाहावे लागते.

सर्वांत अधिक फसवणूक होते ती मात्र कधी अस्तित्वातच नसलेल्या नाण्यांनी. एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल आणि 'यूके वन आना' असा मजकूर असलेल्या तांब्या-पितळेच्या चकत्या जागोजागी दिसतात. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. चलनातील एक आण्याचे स्वतंत्र नाणे भारतात आले तेच मुळी १९०६च्या नाणे कायद्यानंतर, तेही निकेलमिश्रित धातूचे आणि नागमोडी कडेचे. पूजेत ठेवण्यास अशा चकत्यांना हरकत नाही. पण 'हे नाणे तांदूळ ओढते, यात दैवी धातू आहे' असे सांगून त्यांवर लाखो रुपयांचे सौदे केले जातात, ती निव्वळ ठकबाजी आहे. तांदूळ ओढणारा कोणताही धातू नाही.

येथे आणखी एक भेद सांगणे आवश्यक आहे. नाण्यावरील प्रत्येक अधिक खूण बनावटीची नसते. जुन्या रुपयांवर सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेले बारीक ठोके आढळतात. त्यांनी प्रत उतरते, खरेपणा नव्हे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप नहपानाची नाणी होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा उमटवला होता. नहपानाचा पराभव कोणी केला, याचा तो धातूवर कोरलेला पुरावाच ठरला. एखाद्याने ती नाणी 'विद्रूप' समजून वितळवली असती, तर महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पान कायमचे कोरे राहिले असते.

दुसरा प्रश्न : मूळ की घासलेले?

कोरे कापड एकदा धुतले की पुन्हा कोरे होत नाही. कितीही खळ दिली, इस्त्री केली तरी जाणत्या बोटांना ते कळते. नाण्याचेही तसेच आहे.

चांदीवर काळसर थर चढतो तो हवेतील गंधकामुळे. तांब्यावर तपकिरी आवरण तयार होते. हे थर म्हणजे मळ नव्हे. ते सावकाश, अनेक दशकांत तयार झालेले असतात आणि खालच्या धातूचे रक्षण करतात. आंबट द्रव्ये हा थर विरघळवताना वरचा धातूही खातात. राख किंवा पूड घासताना असंख्य बारीक रेघा उमटवते. यांतील काहीही भरून येत नाही.

घासलेले नाणे ओळखण्याची सोपी रीत अशी. एकाच दिव्याखाली नाणे कडेने धरून हळूहळू फिरवावे. टांकसाळीचे मूळ तेज शिल्लक असेल, तर प्रकाशाची पट्टी चाकाच्या आऱ्यांसारखी नाण्यावरून फिरते. ठसा उमटताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषांनी हे तेज निर्माण होते. घासलेल्या नाण्यावर प्रकाश फिरत नाही. ते स्टीलच्या वाटीसारखे सगळीकडून सारखेच चकाकते. भिंगातून समांतर ओरखडे दिसतात, आणि मोकळी जमीन पांढरीफेक असूनही अक्षरांच्या मुळाशी काळेपणा अडकून राहिलेला असतो. गुलाबी-केशरी दिसणारी शिवराई हीदेखील अलीकडच्या घासणीची कबुलीच होय.

आणखी एक प्रकार या भागात विशेष आढळतो. बंजारा आणि आदिवासी भगिनींच्या गळ्यातील रुपयांच्या माळा सर्वांनी पाहिल्या आहेत. अशा नाण्यांना कडी डाखलेली किंवा भोक पाडलेले असते. कडी काढून जागा घासून टाकली, तरी कडेवर डाखाचा डाग आणि तुटलेले दाते राहतात. असे नाणे खरे असते. पण संग्राहकाच्या दृष्टीने त्याची प्रत खालावलेली असते. दागिना म्हणून मात्र अखंड माळेचे स्वतःचे मोल आहे. नाणी सुटी करण्यासाठी ती मोडू नये.

मग करावे काय? उत्तर सोपे आहे : हात आवरावा. माती चिकटली असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून ठेवावे आणि न चोळता मऊ कापडावर टिपून घ्यावे. याहून पुढे जाऊ नये. तांब्यावर भुसभुशीत फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर तो क्षाराचा रोग आहे. त्यासाठी जाणकाराकडेच जावे. नाणे नेहमी कडेला धरावे, कारण बोटांचा घाम ठसे सोडतो. ठेवताना रबरबँड, वर्तमानपत्र आणि मऊ प्लास्टिकची पाकिटे टाळावीत. रबरातील गंधक चांदी काळवंडवते आणि मऊ प्लास्टिक कालांतराने हिरवट चिकटा सोडते. प्रत्येक नाणे स्वतंत्र, कोरड्या, आम्लरहित कागदी पाकिटात ठेवावे आणि ते घरात कसे आले, हे पाकिटावर लिहून ठेवावे. पूजेसाठी एखादे नवे चांदीचे नाणे राखावे. ते वर्षानुवर्षे खुशाल घासावे.

तिसरा प्रश्न : दुर्मीळ की केवळ जुने?

जुनेपणा आणि दुर्मीळता या दोन भिन्न गोष्टी आहेत. सातवाहनांची शिशाची वा मिश्रधातूची कित्येक नाणी दोन हजार वर्षांची असूनही माफक किमतीत मिळतात, कारण ती विपुल आहेत. आणि १९३९चा रुपया अजून शंभरीत नसूनही मिळत नाही. शिवछत्रपतींच्या तांब्याच्या शिवरायांवर आणि सोन्याच्या होनावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हीच अक्षरे आहेत. पण शिवराई मोठ्या संख्येने उपलब्ध आहे, तर खरा होन क्वचितच पाहावयास मिळतो. म्हणूनच होनाच्या नकला सर्वाधिक होतात.

कधी एखादी बारीक खूण सगळा फरक करते. पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. पाडलेल्या नाण्यांपैकी बहुतांश नाणी परत वितळवली गेली आणि १९१२पासून हत्ती सुधारला. त्यामुळे १९११ हे साल संग्राहक आवर्जून शोधतात, तर त्यानंतरच्या काही वर्षांचे रुपये विपुल मिळतात.

हाली रुपयांतही असे बारकावे आहेत. चारमिनारची आकृती १९०३च्या सुमारास, महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत आली. त्यांच्या नाण्यांवर चारमिनारच्या मधल्या कमानीत 'मीम' हे अक्षर आहे, तर १९११ नंतरच्या उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर 'ऐन' आहे. उस्मान अली खान यांच्या अगदी आरंभीच्या काही नाण्यांवर हे 'ऐन' अपुऱ्या रूपात आहे. नाण्यावरील साल हिजरी असते; त्याला ०.९७ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन अंदाजे निघतो. उदाहरणार्थ, हिजरी १३४३ म्हणजे इसवी १९२४-२५. एवढे वाचता आले तरी थैलीतील नाण्यांची वर्षवार यादी घरबसल्या होते. सर्वसाधारण झिजलेला चारमिनार रुपया विपुल आहे, तेव्हा त्याचा भाव चांदीच्या भावाच्या फार वर जात नाही, हेही मोकळेपणाने मान्य करावे.

चौथा प्रश्न : प्रतवारी परवडते काय?

अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली नाण्यांसाठी १ ते ७० अशी प्रतमालिका मांडली. साठ आणि त्यापुढील अंक चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी असतात. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या त्रयस्थ संस्था तेथे उभ्या राहिल्या. त्या नाणे तपासून, अंक देऊन, पारदर्शक पेटीत बंद करतात. घासलेल्या नाण्याला मात्र पूर्ण अंक मिळत नाही. 'डिटेल्स' असा शेरा आणि दोषाचे नाव लिहिले जाते. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या एका सकाळची घासणी पेटीवर कायमची छापली जाते.

प्रतवारीला शुल्क, टपाल आणि विमा असा खर्च येतो. तेव्हा व्यापारी हिशेब साधा आहे : प्रतवारीमुळे किमतीत पडणारी भर या सर्व खर्चाहून स्पष्टपणे अधिक असेल तरच त्या वाटेला जावे. झिजलेल्या सामान्य रुपयांसाठी हा खर्च वाया जातो. १९३९च्या रुपयासारख्या, ज्याचा खरेपणाच वादाचा असतो अशा नाण्यासाठी तो सार्थकी लागतो. बंद पेट्यांच्याही नकला होतात, म्हणून खरेदी करताना पेटीवरील क्रमांक संबंधित संस्थेच्या नोंदीशी पडताळून पाहावा.

कायद्याचे भानही ठेवले पाहिजे. १९७२च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो. म्हणजे १९११चा रुपया प्रतवारीसाठी परदेशी पाठवणे कायद्यात बसत नाही. शेतात किंवा जुन्या घराच्या पायात गाडलेला साठा सापडला, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

फोनवरून 'तुमचे नाणे लाखांत घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा' असे सांगणाऱ्यांपासून सर्वांनी सावध राहावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि असे शुल्क ती कधीही मागत नाही. घेणारा आधी पैसे मागू लागला, तर तो गिऱ्हाईक नव्हे, हे बाजारात बसणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

ज्यांना अभ्यासाची आवड आहे, त्यांच्यासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. हैदराबादच्या सैफाबाद येथील जुन्या टांकसाळीत २०२२ साली संग्रहालय सुरू झाले आहे. चारमिनार रुपयांशी ज्यांचे घरोब्याचे नाते आहे, त्यांनी ते अवश्य पाहावे.

उपसंहार

देवस्थानांच्या आणि न्यासांच्या दानपेट्यांतही जुनी नाणी येतात. ती वजनावर मोडीत देण्यापूर्वी एकदा तोलून, भिंगाखाली पाहून, त्यांची यादी करणे हे विश्वस्तांच्या कर्तव्यातच मोडते. कारण दानाच्या नाण्याचे पूर्ण मोल न्यासाला मिळावे, अशीच दात्याची इच्छा असते.

व्यवहारातील सचोटीचाही येथे संबंध आहे. घासलेले नाणे विकताना 'हे घासलेले आहे', कडी काढलेले विकताना 'याला कडी होती', असे स्वतःहून सांगणे हेच व्यापाऱ्याचे भूषण. घेणाऱ्याला ते आज ना उद्या भिंगातून दिसणारच असते. विकणाऱ्याची पत मात्र त्याच दिवशी ठरते.

आधी हात आवरावा, मग पाहावे, मग तोलावे, आणि भाव सर्वांत शेवटी करावा. घराघरांतील थैल्या याच क्रमाने उघडल्या गेल्या, तर पूर्वजांनी कष्टाने राखलेली ही छोटी ठेव पुढील पिढीच्या हाती तिच्या मूळ रूपात आणि पूर्ण मोलासह पोहोचेल. तशी ती पोहोचो, हीच सदिच्छा.